प्लॅन वाढवण्याआधी एक वायर लावून बघा

'आमचं नेट फार स्लो झालंय' असं कुणी म्हटलं की मी आधी एकच विचारते, वायर लावून बघितलं का? बहुतेकांनी बघितलेलं नसतं. बऱ्याच जणांनी तोवर मोठा प्लॅन घेऊन टाकलेला असतो, काहींनी चार अँटेनावाला नवा राउटरही आणलेला असतो, आणि मागच्या खोलीत व्हिडिओ अजून गोल गोल फिरतच असतो.

मी मिरजेत गाणं शिकवते. दुपारी गल्लीतल्या मुली समोर येऊन बसतात. पहाटे साडेपाचला न्यू जर्सीची विद्यार्थिनी असते, तिच्याकडे तेव्हा आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. संध्याकाळी दुबईची. या दोघींचे वर्ग नेटवर चालतात आणि तिथं नेट बिघडलं तर माझं काम नुसतं अडत नाही, चुकीचं होतं. मुलगी गंधार लावते, तो मध्येच कापतो, आणि तिचा स्वर हलला की आमचं वायफाय हललं हे मला कळत नाही. चुकलं नसताना लेकराला 'पुन्हा म्हण' सांगणं मला मान्य नाही. म्हणून या विषयाच्या मुळाशी जायचं ठरवलं.

ऑपरेटरचा मुलगा भला आहे, हाक मारली की येतो. त्याचं म्हणणं होतं, "काकू, शंभर मेगाबिटचा प्लॅन आहे, दोनशेचा करून घ्या. सगळे करतायत." मी त्याला म्हटलं, आधी शंभर येतात का ते बघू. लॅपटॉपचं वायफाय बंद केलं, राउटरच्या मागच्या लॅन पोर्टमधून (घरातल्या वायरी लावायच्या खाचेतून) सरळ केबल लॅपटॉपला जोडली, घरातले बाकीचे फोन तेवढ्यापुरते विमान मोडवर टाकले आणि स्पीड टेस्ट लावली. येताना (डाउनलोड) ९४, जाताना (अपलोड) १०. म्हणजे लाइन निर्दोष. तीच टेस्ट मागच्या खोलीत फोनवर केली तर ७.

हे ९४ का, १०० का नाही, तेही सांगते. माझ्या राउटरचं पोर्टच शंभर मेगाबिटचं आहे. डेटा छोट्या पाकिटांतून जातो, त्यातला थोडा भाग प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्याबित्त्यात जातो, हाती चौऱ्याण्णव-पंचाण्णव उरतात. म्हणजे दोनशेचा प्लॅन घेतला असता तरी या पोर्टातून ९४च आले असते, आणि मागच्या खोलीत सातच. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरची हीच गोष्ट आहे. खोक्यावर वायफायचा वेग ३०० लिहिलेला असतो आणि मागची पोर्टं शंभरची असतात. विकत घेण्याआधी 'गिगाबिट पोर्ट' हे शब्द शोधावेत.

आणखी एक घोळ सारखा होतो. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. शंभरच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या आसपास उतरली तर ती पूर्ण वेगानंच उतरते आहे.

लाइन सुटली, आता घर. आमचं घर जुनं आहे. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि त्याला लागून मी शिकवते ती खोली. मधल्या दोन भिंती काळ्या दगडाच्या, दोन फुटांच्या. फायबर रस्त्यावरून येतं, त्यामुळं राउटर सोप्यात मीटरच्या वर ठोकलेला. शेजारी लोखंडी कपाट, कपाटावर ट्रंक. फोनवर वायफायची ताकद आकड्यात दाखवणारी फुकट अ‍ॅप असतात, त्यातलं एक घेऊन घरभर फिरले. हा आकडा डीबीएममध्ये असतो, शून्यापासून जितका लांब तितकी ताकद कमी. सोप्यात उणे ४२ डीबीएम, माजघरात उणे ६३, शिकवायच्या खोलीत उणे ७९. दर दहा डीबी खाली आलं की ताकद दहावा हिस्सा राहते. ४२ वरून ७९ म्हणजे ३७ डीबी, म्हणजे सोप्यातल्या ताकदीचा साधारण पाचहजारावा भाग माझ्या खोलीत पोचत होता. फोन मात्र तिथंही दोन दांड्या दाखवायचा. त्या दांड्यांवर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. उणे ६५ च्या आत असेल तर काम नीट चालतं, ७५ च्या पलीकडं गेलं की आवाज तुटायला लागतो, एवढं मी माझ्यापुरतं धरून चालते.

राउटर कपाटापासून काढून माजघराच्या दारावर उंच लावला. लगेच फरक पडला, ७९ चे ७१ झाले. लोखंड, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्या आड राउटर ठेवू नये, आणि जमिनीवर तर कधीच नाही. हा उपाय फुकट आहे, सगळ्यांनी सगळ्यात आधी करावा.

राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचचा वेग जास्त, पण भिंतीपुढं तो लवकर हरतो. दोन पॉइंट चार लांब जातो, पण तिथं गर्दी प्रचंड: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, आणि मायक्रोवेव्हसुद्धा त्याच पट्ट्यात चालतो. आमचा मायक्रोवेव्ह शिकवायच्या खोलीच्या भिंतीपलीकडंच आहे. संध्याकाळी दुबईच्या वर्गाला कुणी भाजी गरम करायला ठेवली की आवाज फाटायचा, हे दोन्ही एका वेळी होतंय हे लक्षात यायला थोडा काळ गेला.

२.४ मध्ये आपल्याकडं १ ते १३ चॅनल, म्हणजे बोलायच्या वाटा, आहेत, पण ती एकमेकांपासून पाच-पाच मेगाहर्ट्झवर आणि प्रत्येकाला जागा लागते साधारण वीस. त्यामुळं एकमेकांना न घासणारी तीनच उरतात, १, ६ आणि ११. आमच्या गल्लीत कुणाचा राउटर ३ वर, कुणाचा ८ वर, आमचा ४ वर. एका खोलीत एकीनं काळी चारमध्ये आणि दुसरीनं काळी पाचमध्ये रियाज सुरू केला तर दोघींचंही गाणं होत नाही, तसं हे. दोन राउटर एकाच चॅनलवर असले तर ते एकमेकांचं ऐकून पाळीपाळीनं तरी बोलतात. शेजारच्या चॅनलवर असले तर एकमेकांना फक्त गोंगाट वाटतात. मी आमचा ११ वर नेला, कारण तिथं सगळ्यात कमी गर्दी होती, आणि चॅनलची रुंदी ४० वरून २० वर आणली. रुंदी कमी केली म्हणजे वेग घटणार असं वाटतं, पण दाट वस्तीत उलटंच अनुभवाला येतं. हे सगळं राउटरच्या पानावर होतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की ते पान उघडतं, पासवर्ड राउटरच्या पोटावर चिकटवलेला असतो. तिथं गेलाच आहात तर सुरक्षेच्या जागी डब्ल्यूपीए-२ आणि एईएस (वायफायला कुलूप लावायच्या पद्धती) आहे ना तेही बघा. टीकेआयपी हे जुनं कुलूप चालू राहिलं असेल तर राउटर चौपन्न मेगाबिटच्या वर जातच नाही.

एवढं करून मागच्या खोलीत पंचवीस-तीस यायला लागले. वर्गाला ते पुरेसे होते, पण दगडी भिंतीपुढं वायफायला भीक मागायला लावण्यापेक्षा वायर ओढणं मला पटलं. दुकानात लोक रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढं पाठवणारं यंत्र, सुचवतात. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढं बोलतो, त्यात निम्मा वेग जातो. वायरीत तसं काही होत नाही. इलेक्ट्रिशियनकडून कॅट-सिक्स केबल (नेटची वायर) माळ्यावरून मागं नेली आणि टोकाला जुना, बाजूला पडलेला राउटर लावला.

केबलच्या टोकाला ती पारदर्शक पिन बसवताना मी शेजारी उभी होते आणि त्यानं काय केलं ते बघून ठेवलं. आत आठ तारा, दोन-दोनच्या चार वेण्या. वेणी सोडवून तारा सरळ करायच्या, मग डावीकडून पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी येते, तिथंच घाईत उलटसुलट होतं. टोकं एका रेषेत कापायची आणि पिनमध्ये अगदी शेवटपर्यंत सारायची, समोरून बघितलं की आठही तांब्याचे ठिपके दिसले पाहिजेत. मग क्रिंपिंगच्या, म्हणजे पिन घट्ट बसवायच्या, पकडीचा एकच दाब. काही जण चारच तारा जोडतात. शंभरला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात, म्हणून पुढचा विचार करून आठही जोडून घ्याव्यात.

जुना राउटर तसाच लावून चालत नाही. त्याचा डीएचसीपी (घरातल्या फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम) बंद करायचा, त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्यायचा (मी १९२.१६८.१.२ दिला), आणि येणारी केबल त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट घ्यायच्या खाचेत) न घालता लॅन पोर्टात घालायची. मग तो नुसता वायफाय पसरवण्याचं काम करतो. दोन्हींचं नाव-पासवर्ड एकच ठेवलं, चॅनल वेगळं. माझा लॅपटॉप तर आता वायरीवरच असतो.

आणि तरीही एखाद्या संध्याकाळी आवाज तुटायचा. स्पीड टेस्ट म्हणे ९०. इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. समोरासमोर बोलण्याला वेग फार थोडा लागतो, व्हिडिओ कॉलला तीन-चार मेगाबिट भरपूर झाले. लागते ती वेळेवर पोच. पिंग म्हणजे छोटासा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. मी लॅपटॉपवर दोन खिडक्यांत सतत पिंग चालू ठेवलं, एक घरच्या राउटरला, एक बाहेर गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला. राउटरचं उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत, अगदी स्थिर. बाहेरचं तीसच्या आसपास, आणि मध्येच ७००, ८००. त्या वेळी घरात काय चाललंय ते बघायला उठले, तर पुतण्या लग्नाहून परतला होता आणि त्याचा फोन सगळे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवत होता. त्या पोराला त्याचा पत्ताही नव्हता, बॅकअप आपोआप चालतं.

जाताना आमच्याकडं दहाच मेगाबिट. ते भरले की बाकीचा डेटा राउटरच्या रांगेत उभा राहतो. रांगेत एक मेगाबाइट साठला, म्हणजे आठ मेगाबिट, तर दहाच्या वेगानं तो निघायला पाऊण सेकंदाच्या वर जातो. माझा आवाज त्या रांगेच्या शेवटी. येणाऱ्या डेटाची पोचपावतीही त्याच रांगेतून जाते, म्हणून येणंही मंदावतं. अमेरिकी अभियंता जिम गेटिस यांना २०१०च्या सुमारास स्वतःच्या घरच्या नेटवर हेच दिसलं आणि त्यांनी 'बफरब्लोट' या नावानं हा विषय जगापुढं आणला. उपाय राउटरच्या पानावरच मिळाला. क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोलमध्ये (कुणाला किती वेग आणि कुणाला आधी ते ठरवायची जागा) अपलोडची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी, माझ्याकडं साडेआठ, ठेवली आणि लॅपटॉपला पहिला मान दिला. पुतण्याचं बॅकअप आता रात्री चार्जिंगला लावल्यावरच चालतं.

अर्थात काही उशीर कुठलाच राउटर काढू शकत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणं एका बाजूनं १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचला तर संभाषण सहज वाटतं. न्यू जर्सी इथून साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, आणि काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे सरळ रेषेत गेला तरी साठ मिलिसेकंद जाताना, साठ येताना. केबल तर समुद्राखालून वळणं घेत जाते. त्यामुळं तिच्याबरोबर एकत्र गाणं होत नाही, मी म्हणते, मग ती म्हणते. पालक विचारतात, नवं नेट घेतलं तर एकत्र जमेल का? नाही जमणार, त्यावर पैसे घालवू नका. तानपुरा ऐकू येत नसेल तर तो मात्र नेटचा दोष नसतो. कॉलचं अ‍ॅप संथ अखंड नादाला पंख्याचा आवाज समजून गाळून टाकतं. सेटिंगमध्ये आवाज गाळणं बंद करा.

दुबईच्या मुलीच्या आईलाही मी हीच दोन पिंग लावायला सांगितली. तिकडं घरच्याच राउटरचं उत्तर ३०० पर्यंत उडत होतं, म्हणजे अडचण तिच्या फ्लॅटमध्ये. राउटर टीव्हीच्या कपाटात बंद होता आणि मुलगी तीन खोल्या पलीकडं बसायची. आता ती हॉलमध्ये बसते.

आणि वायर लावूनही वेग आला नाही, तर तो ऑपरेटरचा प्रांत. पावसाळ्यात आमच्याकडं झाडाची फांदी फायबरवर लोंबली होती, फायबरच्या डब्यावरचा सिग्नल तुटल्याचा लाल 'लॉस' दिवा अधूनमधून लागायचा. ऑपरेटरच्या मुलानं मीटर लावला तर फायबरमधल्या प्रकाशाची ताकद उणे २९ डीबीएम. घरच्या फायबरला साधारण उणे २७ च्या खाली गेलं की धडगत नसते. खांबावरचा जोड नवा केला, उणे २१ वर आलं. त्याला तक्रार करताना मी 'स्लो आहे' एवढंच सांगत नाही. वायरीवर किती आले, किती वाजता, राउटरचं पिंग किती, बाहेरचं किती, हे लिहून व्हॉट्सअ‍ॅप करते. तोही आता बाकीच्या गिऱ्हाइकांना हेच चार आकडे विचारतो.