पँट कापू नको, नवी हाय

गेल्या जानेवारीतली गोष्ट. गळीत हंगाम जोरात आणि माझी नाईट. कोल्हापुरातल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात मी १४ वर्षं सिस्टर आहे, त्यातली ९ ऑर्थोला म्हणजे हाडांच्या वॉर्डला, त्यामुळं हंगामात रात्री कॅज्युअल्टीचा फोन वाजला की मी न बघताच सांगते, बाईकवाला असणार, उसाच्या ट्रॉलीला मागनं धडकलेला. ट्रॉली रस्त्याकडंला उभी, रिफ्लेक्टर नाही, आणि असला तरी लोंबणाऱ्या उसानं झाकलेला. साडेबाराला १०८ आली, मी स्ट्रेचर घेऊन बाहेर गेले आणि पहिल्यांदा दिसला तो बूट. सेफ्टी शूज, डाव्या बुटाला लेसच्या जागी हिरवी नायलॉनची दोरी. ती दोरी काढून लेस घाला म्हणून मी महिनाभर कटकट करत होते.

आमचे हे शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीला आहेत. सेकंड शिफ्ट सुटून शियेकडनं घरी येत होते.

उजवा पाय आखूड झालेला, पाऊल बाहेर वळलेलं, मांडी फुगलेली. एक्सरे लागतच नाही तिथं, फिमर म्हणजे मांडीचं हाड मोडलंय हे लांबनंच कळतं. शुद्धीवर होते. मी कात्री घेतली तर म्हणतात कसं, "पँट कापू नको, नवी हाय." दिवाळीला महाद्वार रोडवर दोघं जाऊन घेतलेली. कापली, पार कमरेपर्यंत. हात जरासुद्धा थरथरला नाही माझा, आणि नंतर कितीतरी दिवस मला त्याचंच वाईट वाटत राहिलं. मांडीचं हाड मोडलं की बाहेर थेंब दिसत नाही पण आत लिटरभर रक्त जाऊ शकतं, म्हणून सलाईन लावली, रक्त जुळवायला, क्रॉसमॅचला सॅम्पल पाठवलं, पायाला स्प्लिंट बांधलं, आणि मग दर दहा मिनिटांनी पावलावर बोट ठेवून नाडी लागते का बघत बसले. गरज नव्हती तेवढी.

सकाळी सर, म्हणजे आमचे ऑर्थोचे डॉक्टर, आले आणि म्हणाले, "सिस्टर, तुमची ड्युटी संपली. आता तुम्ही नातेवाईक, ऑपरेशन थिएटरात यायचं नाही."

ऑपरेशनच्या संमतीवर सही, म्हणजे कन्सेंट घ्यायला आमच्यातलीच एक नवीन पोरगी आली. पेन टेकवून म्हणाली, इथं सही, इथं, आणि इथं. हुबेहूब मी म्हणते तसं. मी ते पान पहिल्यांदा वरनं खालपर्यंत वाचलं, ती बिचारी ताटकळत उभी. इन्फेक्शन, रक्ताची गुठळी, भुलीचा धोका, हाड न जुळणं, सगळं मला पाठ आहे, पण नाव आपल्या माणसाचं असलं की अक्षरं वेगळीच दिसतात हो.

अडीच तास लागले. मांडीच्या हाडात रॉड घातला, वरखाली स्क्रू, रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. सासूबाई बाकावर जोतिबाचं नाव घेत होत्या, मला म्हणाल्या, "मी बसतो हितं, तू च्या पिऊन ये." त्यांना एवढंच माहीत की पाय मोडलाय आणि डॉक्टर जोडतोय. मला माहीत होतं की लांब हाड मोडल्यावर चरबीचे कण रक्तात जाऊन फुप्फुसात अडकू शकतात आणि पहिले दोन-तीन दिवस त्याची धास्ती असते. मग काय, रात्रभर श्वास मोजले, मोबाईलच्या टॉर्चनं काखेत बारीक लाल पुरळ उठलंय का शोधलं. हे वैतागले, "झोपू दे की बाई!"

खरी परीक्षा पुढं. लघवी-संडासचं भांडं द्यायला मी गेले की नको म्हणायचे, वॉर्डबॉयला हाक मारायचे. रोज पंधरा परक्या माणसांचं करते आणि नवऱ्याला माझी लाज! दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी वॉर्डबॉयलाच चहाला पाठवून दिला. त्याच दिवशी उशीच्या अभ्र्यात तंबाखूची पुडी सापडली, कुणीतरी मित्रानं आणून दिलेली. तंबाखूनं हाड जुळायला वेळ लागतो हे सर कालच सांगून गेलेले. त्या मित्राला जिन्यात गाठून जे बोलले ते इथं लिहीत नाही.

घरी आलो तर गल्लीतला प्रत्येकजण डॉक्टर. कुणी म्हणे हाडवैद्याकडं न्या, अहो आत रॉड आहे, तो काय चोळणार? सासूबाईंचं पायाचं सूप मात्र चालू दिलं, रॉडला त्याचा काही त्रास नव्हता. ड्युटीवरनं घरी येतानाचा अपघात ईएसआयमधे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात धरतात आणि पगाराच्या ९० टक्के मिळतात हे मला दुसऱ्याच पेशंटच्या बायकोनं सांगितलं, एवढी वर्षं इथं काढून मला पत्ता नव्हता.

व्यायाम म्हणजे रोजचं भांडण. गुडघ्याखाली गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, दहा मोजायचे, सोडायचं. हे सहाला सोडून दहा म्हणायचे. गुंडाळी सासूबाईंनी करून दिलेली, आठवडाभर वापरल्यावर बघितलं तर ती तीच कापलेली पँट, धुऊन, नाडीनं बांधलेली.

सहा महिन्यांनी हे कामावर गेले, हलक्या कामावर. लेसचं नवं पाकीट मी आदल्या रात्रीच बुटात ठेवलं होतं. सकाळी बघते तर पाकीट खिडकीत, न फोडलेलं, आणि हे हिरवी दोरी बांधून गेलेले.