तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ह्याच्यावर जीटीए सहा चालतंय का?’

सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या दुकानात कॉम्प्युटर जुळवून घ्यायला आलेलं पोरगं बजेट नंतर सांगतं, आधी हे विचारतं. जीटीए सहा म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ ह्या व्हिडिओ गेमचा नवा भाग. मागे उभे असलेले वडील विचारतात, “किती लागतील?” दोघांना माझं उत्तर एकच: आत्ता थांबा. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार बघून वडिलांना संशय येतोच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रॉकस्टार ह्या कंपनीनं हा गेम जाहीर केलाय तो प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस ह्या कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या मशीनसाठी. त्यात कॉम्प्युटरचं नावच नाही. मग रॅम म्हणजे मेमरी किती लागेल, ग्राफिक्स कार्ड कुठलं लागेल हे यूट्यूबवरच्या माणसाला कुणी सांगितलं? “काय बे, पीसीवर येणारच की!” असं पोरं म्हणतात. येईल, मलाही वाटतं. पण जीटीए पाच कन्सोलवर सप्टेंबर 2013 मध्ये आला आणि कॉम्प्युटरवर यायला एप्रिल 2015 उजाडला. रॉकस्टारच्याच रेड डेड रिडेम्प्शन 2 ला वर्षभर लागलं. सहाची तर कन्सोलचीच तारीख सरकत गेली. आधी 2025 च्या दिवाळीच्या आसपास, मग 26 मे 2026, मग 19 नोव्हेंबर 2026.

ही शेवटची तारीख जाहीर झाली त्याच्या आठवडाभर आधी रॉकस्टारनं तीसहून जास्त माणसं कामावरून काढली होती. युनियन बांधत होतो म्हणून काढलं, असं कामगार संघटना म्हणते. गोपनीय माहिती बाहेर सांगितली म्हणून, असं कंपनी म्हणते. गिरण्या बघितलेल्या सोलापूरकराला हा वाद समजावून सांगावा लागत नाही. तारीख पुढं गेली म्हणून पोरं शिव्या देतात, ह्या बातमीवर मात्र कुणी दुकानात एक शब्द बोललं नाही, ते मला खटकलं.

आता पैशाचं. 2025 च्या शेवटाला रॅमचे भाव जे चढायला लागले, ते एआयच्या डेटा सेंटरांमुळं. मेमरीच्या चिप बनवणारे मोठे कारखानदार तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. जिथं जास्त नफा तिकडं त्यांचा माल चाललाय. मायक्रॉननं तर डिसेंबर 2025 मध्ये क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. क्रुशियलची रॅम आम्ही वर्षानुवर्षं डोळे झाकून बसवली. वडील यंत्रमागवाले असले तर एवढंच म्हणतो, “अण्णा, सूत महागलंय.” पुढचं त्यांना कळतं.

कुणी विचारतं, गेमवर सरकारनं बंदी आणली ना? ऑगस्ट 2025 चा कायदा पैसे लावून खेळायच्या गेमांवर आहे. हा त्यातला नाही.

तरी हात शिवशिवत असतील तर सिल्कसाँग घ्या. ॲडलेडच्या छोट्याशा टीमनं केलेला, 20 डॉलर किंमत ठेवलेला गेम. सप्टेंबर 2025 मध्ये आला तेव्हा गर्दीनं स्टीम हे गेमांचं ऑनलाइन दुकानच कोलमडलं. तुमच्या जुन्या मशीनवरही बहुतेक चालेल. फक्त एप्रिलच्या आत कॅबिनेट उघडून धूळ काढून घ्या आणि प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदला. आपल्याकडच्या उन्हात मशीन आधी तापतं, मग अडकतं, आणि दोष गेमला लागतो.