ई-क्लासातली सरळ रेघ

वाशिम जिल्ह्यात कारंजा ते मंगरूळपीर या पट्ट्यात आमचा गवताचा सर्व्हे चालू होता तेव्हाची गोष्ट. ऑक्टोबर म्हणजे आमच्या कामाचा सीझन, कारण तेव्हाच गवताला तुरे असतात आणि तुरा नसलेलं गवत ओळखायचं म्हणजे भल्याभल्यांची जिरते. गावोगावच्या ई-क्लास जमिनी (गावाच्या चराईची सरकारी जमीन, आमच्या वऱ्हाडात सगळे ई-क्लासच म्हणतात) धरायच्या, पन्नास मीटर टेप टाकायचा, ठराविक अंतरावर एक मीटर बाय एक मीटरची चौकट ठेवायची आणि आत कोणती वनस्पती किती जागा व्यापून आहे ते लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण दुपारी बारा वाजता बरडावर उकिडवं बसून बघा.

त्या दिवशी मी आणि एमएस्सीचा एक पोट्टा असे दोघंच होतो. टेपच्या सुरुवातीला सगळं झकास, पवन्या गवताचे दाट बुडखे, मधूनमधून मारवेल (पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं ना, ती), खाली शेवरा आणि रानमेथीसारख्या बारीक शेंगवर्गीय वनस्पती. दबडघाव आणि शंकरनारायण या गवताच्या अभ्यासकांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ प्रदेशांचे पाच मोठे प्रकार पाडले, त्यात आपल्याकडचा येतो तो सेहिमा-डायकँथियम, म्हणजेच पवन्या-मारवेल. म्हणजे आम्ही जे बघत होतो ते अगदी पुस्तकातलं होतं आणि खरं सांगायचं तर आजकाल इतकं चांगलं दिसतच नाही.

आणि अचानक टेपच्या मध्याच्या जरा पुढं पवन्या संपली. हळूहळू कमी झाली असं नाही हं, संपलीच. एका चौकटीत सत्तर टक्के आणि पुढच्या चौकटीत एक बुडखा नाही, सगळी कुसळ (टोचणाऱ्या बीचं गवत), तिच्यामधे तरोटा, कोंबडा, कंबरमोडी असलं तण. पोट्टा म्हणाला मॅडम, माती बदलली असेल. मी उभी राहून डावी-उजवीकडं बघितलं तर ही सीमा दोरी धरून आखल्यासारखी सरळ, उताराला आडवी, पार पळसाच्या झाडापर्यंत गेलेली. निसर्गात माती अशी बदलत नाही, तिच्या कडा वाकड्यातिकड्या असतात.

मग आमचं डिटेक्टिव्ह काम सुरू झालं. चराई? मधे कुंपण नाही, तीच ढोरं दोन्हीकडं फिरतात. वणवा? वणवा वाऱ्यानं जातो, त्याची कड फाटकी असते. पाणी साचतं का? दोन्हीकडं उतार एकच. शेवटी मी म्हटलं खणून बघू. रेघेच्या दोन्ही बाजूला हातभर खोल खड्डे घेतले (ऑक्टोबरात मुरमाड जमीन खणणं म्हणजे शिक्षाच आहे, पोट्ट्यानं माझ्याकडं जसं बघितलं ते विसरणार नाही). पवन्याच्या बाजूला वरपासून खालपर्यंत गोटे आणि मुळांचं घट्ट जाळं. कुसळीच्या बाजूला वरची वीतभर माती भुसभुशीत, तिच्यात मोठा गोटा एकही नाही, आणि त्याच्या खाली एकदम टणक थर. हा थर कशाचा ते शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही कळेल, नांगराच्या फाळाखाली दरवर्षी तेवढ्याच खोलीवर दबत गेलेली माती. आणि वरचे गोटे कुठं गेले? तर रेघेच्या टोकाला, पळसाखाली, गवतात बुडालेला गोट्यांचा ढीग होता. म्हणजे कोणीतरी हे वेचून टाकले होते.

एवढ्यात एक आजी शेळ्या घेऊन आल्या. लांबूनच ओरडल्या, "काय करून रायली वो माय? मोजनी आली का?"

म्हटलं, आजी, आम्ही गवत मोजून राहिलो.

"गवत? अन ते कायले?"

त्यांची शंका साहजिक होती. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल आल्यापासून सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असा तगादा सगळीकडं आहे, त्यामुळं टेप घेऊन फिरणारं माणूस दिसलं की गावातले लोक आधी आपलं वावर बघतात आणि मग चहा विचारतात. मी चौकट दाखवली, कागद दाखवला, तेव्हा कुठं आजी जवळ आल्या. मी सहज विचारलं की इथं कधी वावर होतं का, तर त्यांनी काठीनं बरोब्बर आमची रेघ दाखवली.

"इथून त्या पयसापर्यंत. तीन एकर. आमचंच होतं."

आणि मग सांगत सुटल्या. आधी सगळं पवन्यानंच भरलेलं होतं. बैलाईच्यानं नांगर वढल्या जात नोयता म्हणून त्यांनी आणि नवऱ्यानं पहारीनं एकेक बुडखा काढला, गोटे येचले, पहिल्या साली तीळ टाकला, मग ज्वारी, कडेनं तूर. सात-आठ वर्षं पेरलं. तलाठी दरसाली अतिक्रमणाचा दंड घेऊन पावती देत होता. किल्लारीच्या भूकंपाच्या मागच्या साली नवरा वारला, बैल विकले, वावर सुटलं. भूकंप १९९३ चा, म्हणजे १९९२ ला सोडलं. मी मनात हिशेब करून राहिले होते, तीस वर्षं उलटून गेली तरी पवन्या ती रेघ ओलांडून आलेली नाही!

त्याचं कारण मी पोट्ट्याला तिथंच दाखवलं, त्याच्या सॉक्समधून. मोजे कुसळींनी भरले होते. एक कुसळ काढून तळहातावर ठेवली आणि दोन थेंब पाणी टाकलं, तशी ती गरागरा फिरायला लागली. कुसळीच्या बीला मागं पिळदार शेपूट असतं, ओल लागली की पीळ उलगडतो, वाळलं की परत पडतो, आणि त्या फिरण्यानं पुढचं टोकदार, उलट्या केसांचं तोंड मातीत शिरतं. मातीत शिरतं तसंच शेळीच्या केसात आणि माणसाच्या पँटमधेही शिरतं, म्हणून ती नांगरलेल्या जमिनीत फुकट प्रवास करून पोचली. पवन्या तेवढी लांब जात नाही. तिचं बी बहुतेक आपल्याच पायाशी पडतं, मातीत वर्षानुवर्षं टिकून राहत नाही, आणि तिचा खरा जीव त्या जुन्या बुडख्यात असतो, तो ढोरांनी खाल्ला तरी फुटतो, वणव्यात जळला तरी फुटतो. पण पहारीनं काढला की खेळ खलास. आणि हे दोन्ही तुकडे सरकारी भाषेत एकच, "पडीक". लावा झाडं, खणा चर. असो, त्या विषयावर मी बोलायला लागले की थांबत नाही.

आजींनी ते पाण्यातलं कुसळीचं फिरणं शांतपणे बघितलं आणि विचारलं, "मंग या गवतावरून कयते का का इथं वावर होतं?"

म्हटलं, हो, कळतं.

"मंग मले तसं लिहून दे."

इथं मी गप्प झाले. १९९१ च्या शासन निर्णयानं १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं होतं आणि आजींचा पेरा त्याच काळात सुरू झाला होता. पण दंडाच्या पावत्या उधईनं खाल्ल्या, अर्ज कोणी केलाच नाही. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आजी, गवत एवढंच सांगतं की नांगर फिरला. कोणाचा फिरला, कोणत्या साली फिरला, हे गवत नाही सांगू शकत.

"गावाले माहीत हाये ना कोनाचा फिरला ते."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. सॅटेलाइटचा विचार केला, लँडसॅट-५ हा १९८४ पासूनचा, पण त्याचा एक ठिपका तीस मीटरचा, तीन एकरात तेरा-चौदा ठिपके, त्यावरून कोणाचा पेरा सिद्ध करणार? मग आठवलं, तलाठ्याकडं गाव नमुना १-ई असतो, अतिक्रमणाची नोंदवही. दंड घेतला म्हणजे नाव चढलं असणार. ते त्यांना कागदावर लिहून दिलं, नमुन्याचं नाव आणि कोणती वर्षं मागायची ते.

"अन नाव सापडलं त जमीन भेटन का?"

म्हटलं, आता अवघड आहे आजी, खोटं कशाला सांगू.

त्यांनी कागद घडी करून कमरेला खोसला. "नाई भेटन त नाई. नाव त पायतो ना मी माह्या मान्साचं." आणि शेळ्या आमच्या टेपवरूनच हाकत नेल्या, दोन खुंट्या उपटल्या गेल्या त्या परत ठोकाव्या लागल्या.

आमच्या डेटाशीटमधे "जमिनीचा इतिहास" असा एक रकाना आहे, तो बहुतेक वेळा आम्ही "चराई" लिहून मोकळे होतो. त्या दिवशी लिहिलं, नांगरट, अंदाजे १९८४ ते १९९२, तोंडी माहिती, मातीत पुरावा. ॲनालिसिसमधे त्या टेपचे दोन वेगळे तुकडे केले, नाहीतर सरासरी काढून मध्यम प्रतीचा गवताळ भाग असा निष्कर्ष निघाला असता आणि तसला भाग तिथं कुठंच नव्हता. आता कोणत्याही ई-क्लासात चौकट टाकायच्या आधी आम्ही १-ई बघायला मागतो. तलाठ्यांना वाटतं आम्ही पत्रकार आहोत, आणि एका रिव्ह्यूअरनं विचारलंय की गवताच्या पेपरात महसुली नोंदवही काय करून राहिली.