मोबाईलमधला पुरावा कोर्टात का अडतो?

सीसीटीव्हीचं फुटेज किंवा व्हॉट्सॲपचे मेसेज कोर्टात अडतात, तेव्हा दोष अनेकदा मजकुरात नसतो. नक्कल काढली त्याच दिवशी काम बिघडलेलं असतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला आणि जुन्या पुरावा कायद्यातल्या ‘६५-ब’ कलमाची जागा कलम ६३ने घेतली. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या नकलेसोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते याच कलमाखाली. त्या तारखेआधी प्रलंबित असलेल्या प्रकरणांना कलम १७०मुळे जुनाच कायदा लागतो. प्रमाणपत्राचा नमुना निवडण्याआधी हे तपासा. नव्या प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत आहे. भाग अ उपकरण किंवा त्यावरचं काम ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात उपकरणाची कंपनी, मॉडेल, रंग, सिरियल नंबर, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि फाईलचं हॅश मूल्य येतं.

घोळ होतो तो या हॅशपाशी. हॅश हा फाईलवरून गणिताने काढलेला आकडा. फाईलमधला एक बिट बदलला तरी तो बदलतो. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवला की तो आकसतो, म्हणजेच वेगळी फाईल तयार होते. मग प्रमाणपत्रातला हॅश आणि पेनड्राईव्हमधला हॅश जुळत नाही, आणि उलटतपासात तेवढंच पुरतं. म्हणून डीव्हीआरमधून (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातून) फाईल थेट कोऱ्या पेनड्राईव्हवर घ्या आणि हॅश तिथल्या तिथे काढून वेळेसह लिहून ठेवा. नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी५ हे पर्याय आहेत. माझ्या मते एसएचए-२५६च निवडावा, कारण बाकी दोन पद्धतींत वेगवेगळ्या फाईलींचा एकच हॅश तयार करून दाखवता आला आहे. डीव्हीआर जुनं चित्रण आपोआप पुसत जातो, त्यामुळे फुटेज राखून ठेवण्याचं लेखी पत्र लगेच द्या.

स्क्रीनशॉटवर विसंबू नका. त्याचा हॅश त्या चित्रापुरता असतो, मूळ संभाषणाचा नसतो. फोन जपा, चॅट पुसू नका. मूळ फोनच कोर्टात हजर केला आणि त्याच्या मालकाने साक्ष देऊन तो आपलाच असल्याचं सिद्ध केलं, तर प्रमाणपत्र लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२०च्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल निकालात जुन्या कलमाबाबत म्हटलं आहे.

हा खटला जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीतला. उमेदवारी अर्ज मुदतीत आला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्यांच्या दालनातल्या चित्रणावर ठरणार होतं. प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही, म्हणून त्या प्रकरणात सूट मिळाली. पण सूट मिळाली ती मागणी नोंदीवर होती म्हणून. समोरचा प्रमाणपत्र देत नसेल तर आधी लेखी मागा, नंतर कोर्टाकडे अर्ज करा. सुनावणी संपेपर्यंत ते मागवता येतं. फौजदारी खटल्यात मात्र आरोपीवर अन्याय होणार नाही, हे न्यायाधीश पाहतात.

‘तज्ज्ञ’ म्हणजे कोण, हे कलम ६३(४) सांगत नाही. प्रत्येक तालुक्यात असा माणूस मिळायचा कुठून, याचा विचार कायदा करताना व्हायला हवा होता. गरीब पक्षकाराची यात खरी कोंडी होते.

आणि प्रमाणपत्राने पुरावा फक्त दाखल होतो. मेसेज त्याच माणसाने पाठवला, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. विरुद्ध बाजूला असाल तर नमुन्यातल्या त्रुटीवरची हरकत पुराव्यावर निशाणी (कोर्टाचा क्रमांक) पडतानाच नोंदवा. अपिलात ती पहिल्यांदा काढली तर सहसा ऐकली जात नाही.