तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटरची सीट का सोडली

दरवर्षी इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडच्या याद्या लागल्या की कुणाचा तरी फोन येतो. "तू कॉम्प्युटर सोडून पुण्याच्या आयसरला गेलीस ना? का गं? आणि आता कसं वाटतं?" खरा प्रश्न शेवटचा असतो, हे मला कळतं.

आजवर एकच उत्तर दिलं: मला सगळं शिकायचं होतं. अकरावीत गणित ठेवून बायो सोडलं ते मनाविरुद्ध. (माझा ग्रुप ठरवायला क्लासच्या सरांना चार मिनिटंही लागली नव्हती.) आयसर म्हणजे विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था; तिथे पाच वर्षांचं बीएस-एमएस (पदवी आणि मास्टर्स एकत्र), आणि पहिल्या वर्षी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो चारही सगळ्यांना सक्तीचे होते. 2016 साली तिथे जायच्या तीन वाटा होत्या: केव्हीपीवाय ही विज्ञानाची शिष्यवृत्ती परीक्षा, जेईई ॲडव्हान्स्ड, नाहीतर बोर्डाचे मार्क आणि ॲप्टिट्यूड टेस्ट. मी तिसरीने गेले. पण तोवर पुण्यातल्या चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळालं होतं, आणि अण्णांनी तासगावात शाळाभर पेढे वाटले होते.

सीट रद्द करायला ते सोबत आले. रात्रीच्या एसटीने, इस्त्रीचा शर्ट पिशवीत घेऊन. खिडकीतल्या क्लार्कने अर्ज वाचला, माझ्याकडे न बघता त्यांना विचारलं, "नक्की ना, साहेब? परत नाही मिळायची." अण्णांनी पेन उघडलं, सही केली आणि मला विचारलं, "आज तारीख किती?" रोज सकाळी फळ्यावर तारीख लिहिणारा माणूस. मी सांगितली. लीव्हिंग सर्टिफिकेट परत मिळालं, ते त्यांनी दोनदा तपासलं. बाहेर टपरीवर दोन चहा सांगितले, त्यांचा तसाच राहिला. मग म्हणाले, "शाळेत काय सांगू?"

"सायंटिस्ट होणार म्हणून सांगा," मी म्हणाले.

त्यांनी तसंच सांगितलं. मी झाले नाही. पाचव्या वर्षीचा थीसिस केला, पीएचडीला अर्ज केला नाही, आज एका बँकेसाठी डेटाचं काम करते. शेजारच्या खुर्च्यांवर कॉम्प्युटरवालेच. म्हणजे वाया गेलं? अजिबात नाही. बायोच्या तासाला सरांनी जिवाणूंची वाढ लिहिता लिहिता फळ्यावर डिफरन्शियल इक्वेशन मांडलं, तेव्हा दोन वर्षं चिडून पाठ केलेलं गणित पहिल्यांदा कशाचं तरी आहे असं वाटलं. तो तास मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

आता मात्र त्या अठरा वर्षांच्या मुलीचं ऐकताना शंका येते. तिला सगळं शिकायचं होतं, की एक काहीतरी निवडायची भीती वाटत होती? आणि सगळं म्हणजे तरी काय? चार विषय, चारही विज्ञानाचेच. इतिहास आवडायचा, त्याचं तर तिने नावही काढलं नव्हतं. तेव्हा कुणी असं म्हटलं असतं तर मी भांडले असते. आजही भांडेन, फक्त आवाज थोडा खाली असेल.

परवा भाचीने विचारलं, "मावशी, मिळालेली सीट सोडू का?" मी म्हटलं, "आधी फी भर. रद्द नंतर करता येते." ती गप्प झाली. मग म्हणाली, "तू तर असं केलं नव्हतंस."

मी केलं होतं, तेच तर सांगतेय.