ग्राहकाकडून प्रतिसाद नाही

मला बोलावलं होतं ते बिलांसाठी. भोसरीतली घरगुती वॉटर प्युरिफायर बनवणारी कंपनी. मेल-सर्व्हरची किरकोळ कामं अधूनमधून माझ्याकडे येतात. अकाउंट्समधले काका फोनवर वैतागले होते. "डीलर म्हणतात बिलाचा मेल आलाच नाही. आधी वाटलं, पैसे लांबवायचे नेहमीचे बहाणे. पण आता वेळेवर पैसे देणारी माणसंसुद्धा तेच म्हणायला लागलीत."

डोमेनचा एसपीएफ रेकॉर्ड काढला आणि कारण तिथेच सापडलं. आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या सार्वजनिक नोंदवहीत, लावलेली यादी म्हणजे एसपीएफ. ती तपासताना समोरच्या सर्व्हरने दहापेक्षा जास्त डीएनएस चौकश्या करायच्या नाहीत, असा नियम आहे. अकरावीची वेळ आली की ‘परमएरर’, म्हणजे यादी बाद. वाचन डावीकडून होतं आणि जुळणी सापडली की थांबतं, त्यामुळे शेपटाकडच्यांचा जीव कायम टांगणीला. बिलिंग सॉफ्टवेअरचा इन्क्लूड, म्हणजे ‘या सेवेची यादीही बघा’ असा निर्देश, अगदी शेवटी होता. अलीकडे कुणीतरी सुरुवातीलाच एक नवा इन्क्लूड घुसवला होता, त्याच्या पोटात आणखी दोन-तीन. भरीला कधीच बंद केलेल्या न्यूजलेटर सेवेचा एक आणि जुन्या होस्टिंगची उरलीसुरली नावं. बिलिंगची पाळी येईपर्यंत दहा संपत होत्या. ते सॉफ्टवेअर डीकिमची, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल, सही करत नाही, त्यामुळे त्याची सगळी भिस्त एसपीएफवर. मेलेल्या नोंदी उडवल्या, बिलं जायला लागली. काम झालं होतं, चहा पिऊन निघता आलं असतं.

पण तो नवा इन्क्लूड कुणाचा? आयटी बघणारा मुलगा म्हणाला, "सर, हेल्पडेस्कचा. दिवाळीनंतर सपोर्ट बाहेरच्या सेवेवर नेलाय ना. विझार्डने सांगितलं तसं केलं, सगळीकडे हिरव्या टिका आल्या." मुलगा हुशार आहे, आणि त्याने खरोखरच सांगितलं तेवढं केलं होतं. हेल्पडेस्क घेताना मला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

इथे मला जरा धडधडलं, कारण या डोमेनच्या डीमार्कमध्ये, म्हणजे तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणाऱ्या नोंदीत, ‘रिजेक्ट’ आहे हे मला माहीत होतं. ते मीच लावलं होतं. आदल्या दिवाळीत कंपनीच्या नावाने ‘तुमचा रिफंड मंजूर झाला आहे’ असे खोटे मेल ग्राहकांना गेले होते, खाली यूपीआयची लिंक. त्यानंतर आधी ‘नन’ (काही करू नका), मग ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका), मग ‘रिजेक्ट’ (दारातूनच परत पाठवा) असं पायरीपायरीने नेलं होतं. आपल्या नावाने आलेल्या मेलचं काय झालं, याचे गूगलसारख्यांकडून येणारे रोजचे अहवाल वाचायचं कामही माझ्याकडे होतं. पुढे खर्चकपातीत ते गेलं. अहवाल येत राहिले, पेटी कुणी उघडत नव्हतं.

पत्र आणि पाकीट डोळ्यांसमोर आणा. ग्राहकाला दिसतो तो पत्रावरचा लेटरहेड, म्हणजे ‘फ्रॉम’. एसपीएफ तपासतो पाकिटावरचा पत्ता, जो ग्राहकाला दिसतच नाही. हेल्पडेस्क कंपनीच्या लेटरहेडवर पत्र लिहीत होतं, पण पाकिटावर स्वतःचा पत्ता घालत होतं. मेल परत आला तर त्यांच्याकडे यावा म्हणून. एसपीएफ पास, पण हेल्पडेस्कच्या डोमेनसाठी. डीकिमची सहीही पास, तीसुद्धा हेल्पडेस्कच्याच डोमेनची. डीमार्क विचारतं की दोन्हींपैकी एक तरी पास लेटरहेडवरच्या नावाशी जुळतो का? एकही जुळत नव्हता. म्हणजे ज्या इन्क्लूडने काकांची बिलं अडवली, त्याचा हेल्पडेस्कच्या मेलला काडीचा उपयोग नव्हता.

खरा उपाय त्याच विझार्डच्या पुढच्या पानावर होता. दोन सीनेम नोंदी (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या डीएनएस नोंदी) घाला, मग आम्ही तुमच्या डोमेनच्या नावाने सही करू. शीर्षकाशेजारी लिहिलं होतं, ‘ऐच्छिक’. २०२४च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू घाऊक मेल पाठवणाऱ्यांकडे डीमार्क मागतायत आणि इथे नेमकं तेच पान ऐच्छिक! निरुपयोगी गोष्टीला हिरवी टिक द्यायची आणि कामाची गोष्ट वगळायची मुभा द्यायची, असा स्क्रीन बनवणाऱ्याला एक दिवस सपोर्टच्या फोनवर बसवलं पाहिजे.

मग चाचणी कशी पास झाली? मॅनेजरसाहेबांनी चाचणी मेल स्वतःच्या ऑफिसच्या पत्त्यावर मागवला होता, आणि ऑफिसच्या मेल पॅनेलमध्ये हेल्पडेस्क आधीच मान्य यादीत होतं. स्वतःच्या जीमेलवर एक मेल मागवला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

अहवालांची पेटी उघडली. गूगलच्या रोजच्या झिप फाइलींमध्ये तेच तेच आयपी, सगळे हेल्पडेस्कचे, आणि प्रत्येकापुढे ‘रिजेक्ट’. हे मेल स्पॅममध्येही पडत नव्हते, दारातूनच परत जात होते.

सपोर्टच्या प्रमुख ताईंना हेल्पडेस्क उघडायला सांगितलं. एका तिकिटाच्या कोपऱ्यात बारीक लाल त्रिकोण होता. त्यावर कर्सर नेला की ५५० ५.७.२६ हा कोड, म्हणजे डीमार्कमुळे नाकारलं. "हे मी पहिल्यांदा बघतेय," त्या म्हणाल्या. तिकीट एका बाईंचं होतं. नवीन कार्ट्रिज बसवल्यापासून पाण्याला प्लॅस्टिकचा वास येतो. सपोर्टच्या मुलीने त्याच दिवशी छान उत्तर लिहिलं होतं: टाकी दोनदा पूर्ण भरून ओतून द्या, तरी वास राहिला तर कार्ट्रिजवरच्या बॅच नंबरचा फोटो पाठवा, मोफत बदलून देऊ. लाल त्रिकोण. बहात्तर तासांनी यंत्रणेने आपोआप शेरा मारला, ‘ग्राहकाकडून प्रतिसाद नाही’, आणि तिकीट बंद. बंद केल्याचा मेलही परत. बाईंनी पुन्हा लिहिलं. आधीचं बंद, म्हणून नवीन तिकीट, नवीन मुलगी, तितकंच छान उत्तर. तिसऱ्यांदा एकच ओळ होती: "उत्तर द्यायचं नसेल तर तसं तरी सांगा." त्यालाही या मुलींनी दिलगिरी व्यक्त करून सविस्तर उत्तर दिलं होतं.

जीमेल-याहूवाल्यांची हीच गत. डीमार्क न पाहणाऱ्या काही कंपन्यांच्या सर्व्हरवर उत्तरं पोचत होती, म्हणून अधूनमधून कुणी आभारही मानत होतं आणि कुणाला शंका येत नव्हती. शिवाय एकाच तक्रारीची तीन तिकिटं आणि तिन्ही ‘निकाली’. महिन्याचा आलेख कंपनीच्या इतिहासात सर्वांत चांगला दिसत होता. त्यासाठी टीमला केक आणला होता, हे ताईंनी खाली बघत सांगितलं.

मालकांना कळलं तसे ते उभ्यानेच आले. "ते रिजेक्ट का काय ते आधी काढून टाका." मी नाही म्हटलं. जुनी नोंद जगभरच्या सर्व्हरच्या स्मरणातून जायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्यात खरं काम होतं, आणि रिफंडवाल्या चोरांना दार उघडं करून द्यायचं नव्हतं. ते काही बोलले नाहीत, पण गेलेही नाहीत.

सीनेम घालताना मुलाने पूर्ण नाव टाकलं. पॅनेल शेवटी डोमेन स्वतःच जोडतं, त्यामुळे डोमेन दोनदा झालं. ते सुधारलं, तरी ‘व्हेरिफाय’ लाल. तो बटण दाबतच राहिला. डीएनएसमध्ये ‘अशी नोंद नाही’ हे उत्तरसुद्धा साठवलं जातं. किती वेळ, ते डोमेनच्या एसओए या मुख्य नोंदीवर ठरतं, आणि यांच्याकडे तो आकडा होता ३६००, म्हणजे एक तास. मी ‘डिग’ या कमांडने थेट मूळ नेमसर्व्हरला (जिथे या नोंदी ठेवलेल्या असतात) विचारलं, उत्तर बरोबर आलं. मुलाला म्हटलं, माउसवरून हात काढ. मालक मागे उभे. तो तास फार लांबला. मग टीक आली, माझ्या जीमेलवर मेल मागवला, ‘मूळ संदेश दाखवा’मध्ये तिन्ही पास, आणि सहीत कंपनीचं नाव.

खरा वाद त्यानंतर झाला. परत आलेल्या सगळ्या उत्तरांची यादी हेल्पडेस्कमधून काढता येत होती. ताई म्हणाल्या, सगळी तिकिटं उघडून पुन्हा उत्तरं पाठवू. मालक म्हणाले, "जे ओरडले नाहीत त्यांना कशाला उठवायचं? इतके मेल एकदम गेले तर लोक फेसबुकवर टाकतील." तांत्रिक आधार म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं, एकदम पाठवलं तर स्पॅममध्ये जाईल ना? मी म्हटलं, थोडे थोडे पाठवले तर नाही जाणार. हे खरं होतं, पण मी ते कुणाच्या बाजूने बोललो हे खोलीत सगळ्यांना कळलं.

मी यादी ताईंना पाठवली, मालकांना सीसी ठेवून. न मागता सीसी ठेवणं बरोबर होतं का, यावर बायकोचं आणि माझं अजून एकमत नाही. त्या मुली फावल्या वेळात यादी खालून वर संपवतायत, असं काकांकडून कळलं. माझं बिल वेळेवर आलं, अहवाल वाचायचं काम परत मिळालं. बहात्तर तासांचा नियम तेवढा बदला, असं मी सुचवलं होतं. त्यावर उत्तर आलं की तो विषय ऑपरेशन्सचा आहे, ईमेलचा नाही.