धुळेरची मॅच

आज भाचीची फुटबॉल मॅच बघायला म्हापशाच्या धुळेर स्टेडियमवर गेले होते, फोंड्याहून पणजीला बस बदलून म्हापसा, पण गेले ते बरंच झालं. पोर स्ट्रायकर आहे, तीन चान्स हुकले, तिसरा तर गोलकीपर खाली पडलेली असताना बारवरून गेला. मॅच संपल्यावर बुटातले टर्फचे काळे रबरी दाणे एकेक काढत बसली, वर बघेचना.

मग तिला बाला देवीचं सांगितलं. मणिपूरची, पंधराव्या वर्षी भारताकडून खेळली, २०२० च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने घेतली आणि पहिला गोल कधी, तर डिसेंबरात! मधे लॉकडाऊन होता हे खरं, पण परक्या देशात इतके महिने वाट बघायची म्हणजे काय असेल हो, पुढे गुडघा गेला, तरी परत भारताच्या जर्सीत आली.

स्ट्रायकरच्या पायात बॉल नीट येतो दोन-तीनदा आणि लोक तेवढंच धरून बसतात, डिफेंडरांना ओढून तिने दुसरीला जागा करून दिली ते कोण मोजतं? मला याचं खरंच वाईट वाटतं.

रात्री जेवताना म्हणाली, मावशी, सकाळी डाव्या पायाची प्रॅक्टिस करूया, तू बॉल दे. आज ताईकडेच राहिलेय, सहाचा अलार्म लावलाय.